अक्कांचं सोवळं आणि बाळाची शू

साठचं दशक संपत आलं होतं. माझा दहा महिन्यांचा मुलगा जुलाबांनी इतका सुकला की त्याची मूत्रपिंडंच बंद पडली. लंगोट कोरडाच्या कोरडा. एरवी एक दिवस लंगोट कोरडा राहिला असता तर मी पेढे वाटले असते, तेव्हा मात्र घटकेघटकेला तो चाचपून बघत होते.

इस्पितळात डॉक्टरांनी समजावलं, मूत्रपिंडं जागी होईपर्यंत त्यांचं काम पोटातल्या पातळ पडद्याकडून करून घ्यायचं. पोटात बारीक नळी घालून औषधी पाणी आत सोडायचं, थोडा वेळ ठेवायचं आणि रक्तातली घाण त्यात उतरली की बाहेर काढायचं. एवढ्या लहान जिवावर तेही हे पहिल्यांदाच करत होते. नळीवाटे जंतू आत गेले तर धडगत नाही. शू झाली तर वाचला.

जंतूंचं ऐकून माझ्या थोरल्या नणंदेला, आमच्या अक्कांना, जोरच चढला. त्यांचं सोवळं आमच्या अख्ख्या बसवनगुडी पेठेत गाजलेलं. बाळाने अंगावर शू केली की त्या पुन्हा अंघोळ करायच्या आणि "हा नळ कधी बंद होतो का गं?" म्हणून माझ्यावर करवादायच्या. आता रेशमी सोवळं नेसून त्यांनी खाटेपाशी ठाण मांडलं. माझ्या नवऱ्याला जवळ फिरकू देईनात. नर्सला बांगड्या काढायला लावल्या. खुद्द डॉक्टरांनाही कानडीत "मोदलु कै तोळ्कोळ्ळी" म्हणून आधी हात धुवायला पिटाळलं. आत्ताच धुतले, असं ते बिचारे म्हणाले, तर माझ्यादेखत धुवा म्हणाल्या. मला तर मेलं हसूही येई आणि संतापही. पण पाण्याची एक फेरी संपली की त्या बाळाच्या पायाला हात लावून पुटपुटायच्या, "माझंच तोंड बाधलं गं याला."

मग एका सकाळी त्या वाकून बाळाचं अंग पुसत होत्या आणि धार थेट त्यांच्या छातीवर आली. नर्स मापाचं भांडं घेऊन धावली, पण मोजायला राहिलं होतं काय? सगळं अक्कांच्या पदरात. मी ढसाढसा रडले. नर्सने लुगडं बदलायला सांगितलं, तर अक्का जागच्या हलेनात. डॉक्टर आल्यावर त्यांनी ओला पदर पुढे केला.

"घ्या मोजून," म्हणाल्या.

डॉक्टरांनी हात न धुताच पदर चाचपला. अक्कांनी चाचपू दिला. संध्याकाळी त्या तशाच बसने घरी गेल्या आणि अंघोळ न करता देवापुढे दिवा लावला.