नरहरी, गोफण आणि धुऱ्यावरचे काटे

नरहरी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पालमला मेहुण्याकडं होतो, आणि मनातल्या मनात त्याच्याशीच भांडत होतो. शेजारच्या दुकानात आलेला फोन ऐकून मेहुणा परत आला तो चप्पल न काढताच घरात शिरला. "दाजी, सेलूहून फोन होता. नरहरी सर सकाळी गेले..." मला पहिल्यांदा आला तो राग. असा अर्धा वाद टाकून जातात व्हय? एसटीनं सेलू गाठेपर्यंत सरण विझत आलं होतं.

आम्ही एकाच शाळेत मास्तर. तो इतिहास शिकवायचा, मी विज्ञान. माझा एकही प्रयोग मुलांसमोर धड होत नसे, म्हणून तो मला 'शास्त्रज्ञ' म्हणायचा. आखातातली लढाई पेटली तेव्हा आमच्या स्टाफरूममध्येही पेटली. येणारं क्षेपणास्त्र आभाळातच गाठून फोडणारं दुसरं क्षेपणास्त्र निघालं, हे वाचून मी हवेत होतो. म्हटलं, "मारून उपयोगच नाही म्हटल्यावर लढेल कोण? संपली युद्धं!"

नरहरीनं बशीतला चहा फुंकला. "शास्त्रज्ञ, तू ढाल करायलास. शेजाऱ्याला मात्र वाटायलंय, आता ह्याला माराची भीती न्हाई, म्हंजे हा मला मारणार. मग तो तुझी ढाल व्हायच्या आधीच हात उचलतो. निम्म्या लढाया भेवानं होतात, बाबा."

हे त्याला पुस्तकातून कळलं नव्हतं. त्याचं शेत धाकट्या भावाच्या, रंगनाथच्या, शेताला लागून. मधल्या धुऱ्यावर, म्हणजे दोघांच्या सामाईक बांधावर, नरहरीनं मोकाट ढोरांसाठी बाभळीचे काटे टाकले. रंगनाथला वाटलं, दादा बांध सरकवायलाय. त्यानं चर खणला. चर दिसल्यावर नरहरीनं काटे वाढवले. दोघं सख्खे भाऊ बोलायचे बंद झाले, आणि भांडण असं एकदाही झालं नव्हतं!

त्या जानेवारीत नरहरीनं शेतात हुरड्याला बोलावलं. पलीकडं रंगनाथ एकटाच ज्वारी राखत होता. नरहरी हळूच म्हणाला, "आज त्याला हुरडा नेऊन द्यावा म्हणतो. तू चल संगं. एकट्याला जड जातं." माझ्या अंगात मात्र शास्त्रज्ञ शिरला होता. म्हटलं, आधी प्रयोग. तू ढेकूळ वर फेक, मी गोफणीनं आभाळातच फोडतो. नरहरी हसत उठला, ढेकूळ फेकलं. मी गोफण गरगर फिरवली, स्वतः अर्धा फिरलो, आणि ढेकूळ सुखरूप खाली आलं. माझा दगड काट्यांवरून गेला आणि रंगनाथच्या पाण्याच्या मातीच्या घागरीवर बसला. फाट्कन आवाज झाला. रंगनाथ उठून उभा राहिला, आमच्याकडं बघत. त्याच्याही हातात गोफण होती.

"जा, सांग त्याला," मी म्हटलं.

"काय सांगू? आमी आभाळात मारायलो होतो म्हणून?" नरहरीचा चेहरा उतरला होता. "आता गेलो तर त्याला वाटंल, दादा भेला."

"मग मी जातो."

"तू गेलास तर वाटंल, वकील धाडला. बस खाली."

हातातला हुरडा गार झाला. दोन दिवसांनी पलीकडून काट्यांवर काटे चढले. सगळ्या लढायांची कारणं तोंडपाठ असलेल्या माणसाला तो धुरा काही ओलांडता आला नाही. "पुढच्या हुरड्याला बघू," म्हणायचा. पुढचा हुरडा आला, गेला... आणि मग तोच गेला.

तेराव्याला रंगनाथ कोपऱ्यात बसला होता, मुंडण केलेलं डोकं भिंतीला टेकवून. मी शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "रंगनाथ, ती घागर मी फोडली होती. दादानं न्हाई."

"ठावं हाय, सर. गोफण फिरवताना तुमीच पडायलते. मला हसू आवरंना."

"मग काटे कशाला वाढवले?"

त्यानं भिंतीवरचं डोकं उचललं. "मी वाट बघितली. दादा काई तरी बोलंल, शिवी तरी देईल. तो नुसता खाली बसला... मग मला लय भेव वाटलं."

माझा वाद तिथंच संपला. नरहरीचं म्हणणं शब्दन्‌शब्द खरं होतं, आणि साक्ष त्याच्या सख्ख्या भावानं दिली होती. असलं काही हाती लागलं की सायकल काढायची आणि थेट त्याला जाऊन सांगायचं, ही आमची रीत. आजवर मी एकदाही हरल्याचं कबूल केलेलं नव्हतं, आणि आज करायचं होतं. मी उठून बाहेर ओट्यावर आलो. संध्याकाळी तो तिथं बसायचा, खांबाला टेकून, आणि पलीकडची बाजू माझ्यासाठी मोकळी ठेवायचा. खांबापाशी कुणी नव्हतं. आत पंगत उठली, माणसं चपला शोधत निघून गेली. मी बराच वेळ माझ्याच बाजूला बसून राहिलो.