रशीद, जेवलास का?

माईक तपासताना सगळे जग 'हॅलो, हॅलो' करते. सुधाकरअण्णांनी तसे कधी केले नाही. मैदान केवढेही असो, समोर गर्दी असो की नुसत्या रिकाम्या खुर्च्या, ते माईकसमोर उभे राहत आणि घरातल्या घरात बोलावे तशा आवाजात विचारत, "रशीद, जेवलास का?" मैदानाच्या पार टोकाला, कुंपणाच्या भिंतीपाशी, एक हात वर होई. उजवा हात म्हणजे आवाज स्वच्छ येतो आहे. डावा म्हणजे घुमतो आहे. दोन्ही हात वर झाले, तर काहीतरी बिघडले आहे, ताबडतोब बंद कर. पहिल्यांदा ऐकणारे हसत. नाशिक रोडच्या जुन्या लोकांना मात्र त्यात काही वावगे वाटत नसे. रशीद जेवला आहे हे कळल्याशिवाय आमच्याकडे सभा सुरू होत नसे.

अण्णा आणि रशीदभाई यांचे भोंग्यांचे दुकान आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर होते. लग्ने, सप्ताह, उरूस, शाळांची संमेलने आणि निवडणुका यांवर ते चाले. यंत्र रशीदभाईंचे आणि आवाज अण्णांचा, अशी त्यांची वाटणी होती. अण्णा दुसऱ्या मजल्यावर, आमच्या शेजारी राहत. रशीदभाई द्वारका चौकाच्या पलीकडून सायकलवर येत आणि दुपारचा डबा दोघे दुकानातच खात.

मी महाविद्यालयात भूगोल शिकवीत असे. वर्गात माझा आवाज तिसऱ्या बाकापुढे जात नसे, मग व्यासपीठाची गोष्ट दूरच. एका वर्षी संमेलनात आभार मानण्याचे काम माझ्याकडे आले. माझी धास्ती अण्णांनी ओळखली असावी. माईकची उंची कमी करण्याच्या निमित्ताने ते वाकले आणि म्हणाले, "मॅडम, पुढच्या रांगेकडे बघू नका. पुढचे चहासाठी आलेले असतात. तो भिंतीपाशी उभा आहे ना, त्याच्याशी बोला. आवाज मोठा नको, लांब पाहिजे." मी सगळे आभार रशीदभाईंचे मानले. शेवटी त्यांनी उजवा हात वर केला. मला आयुष्यात मिळालेली ती सर्वांत प्रामाणिक दाद होती, असे आजही वाटते.

राजकारणात दोघांची तोंडे दोन दिशांना होती. अण्णा तरुणपणापासून एका पक्षाचे. त्या पक्षाचे आमच्या भागातले पुढारी आप्पा. त्यांच्या प्रत्येक निवडणुकीची रिक्षा अण्णांच्या आवाजात फिरे आणि त्याचा एक रुपयाही ते घेत नसत. रशीदभाईंच्या मोहल्ल्यात विरोधी पक्षाचे वकीलसाहेब चालत. दोन्ही पक्षांना भोंगे मात्र ह्याच दुकानातून जात. सकाळी शटर उघडताना त्यांचे बोलणे जिन्यापर्यंत ऐकू येई.

"आज कोणाची सभा रे? तुझ्या चोरांची का माझ्या?"

"सकाळी तुझे. संध्याकाळी माझे."

"मग संध्याकाळची वायर जुनी लाव."

"जुनीच लावतो. तुझे सकाळी नवी चोरून नेतात."

इतकी वर्षे निवडणूक म्हणजे एवढेच होते.

गेल्या महापालिका निवडणुकीत ते बदलले. बदल कुठून आला हे सांगण्याइतकी माझी समज नाही. देशभर जे चालले होते, ते आमच्या गल्लीपर्यंत यायला थोडा उशीर लागला, एवढेच म्हणता येईल. आप्पांच्या कचेरीतून अण्णांकडे रोज घोषणेचा मजकूर येई. त्यात गटार, पाणी, रस्ते असत. प्रचार तापला तसे एके दिवशी त्यात शेवटी एक नवे वाक्य आले. आपल्या शेजारी कोण राहतो ते ओळखा, आपले घर कोणाला देता याचा विचार करा, वकिलांच्या मागे कोण उभे आहेत ते पाहा आणि मगच मतदान करा, अशा अर्थाचे.

मी स्वयंपाकघरात होते. रिक्षा कोपऱ्यावरून वळली आणि ते वाक्य अण्णांच्या आवाजात आले. तोच सौम्य, लांब जाणारा, आपलेपणाचा आवाज. दुसऱ्या कोणी ओरडून म्हटले असते, तर लोकांनी खिडक्या लावून घेतल्या असत्या. अण्णा म्हणत होते म्हणून लोक खिडकीत आले.

त्या वाक्याला आमच्या इमारतीत नेमका अर्थ होता. वरचा एक फ्लॅट रिकामा होता. मालक पुण्यात, किल्ली अण्णांकडे. रशीदभाईंच्या इम्रानचे नुकतेच लग्न झाले होते आणि सूनबाईंना नाशिक रोडच्या एका दवाखान्यात नोकरी लागली होती. तो फ्लॅट त्यांना भाड्याने द्यायचे अण्णांनीच ठरवून दिले होते. पडदे कोणत्या रंगाचे, इथवर बोलणे झाले होते. रिक्षा फिरली आणि इमारतीतल्या दोघा-तिघांनी मालकाला फोन केले. मालकाने अण्णांना कळवले, माझे काही नाही हो, पण शेजाऱ्यांची मने कशाला दुखवायची?

त्या संध्याकाळी मी भाजी घेऊन येत होते. दुकानासमोर रिक्षा उभी होती आणि रशीदभाई टपावरचा भोंगा सोडवीत होते.

"अण्णा, आवाज तुझा, पण भोंगा माझा आहे," ते म्हणाले. "ते वाक्य म्हणायचं तर माझा भोंगा उतरव."

"अरे, निवडणुकीतलं बोलणं ते. निकालापर्यंतचं. मनावर काय घेतोस?"

"माझं सोड. घरमालकाने मनावर घेतलं ना. तू त्याला एक फोन कर. तुझा शब्द तो मोडणार नाही."

"करतो रे. निवडणूक होऊ दे. आत्ता केला तर आप्पांना काय वाटेल?"

रशीदभाईंचे हात थांबले. सोडवलेला स्क्रू त्यांनी पुन्हा होता तसा बसवला. आत जाऊन फक्त आपला टेस्टर आणि सोल्डरिंगची पेटी घेतली आणि सायकलच्या कॅरिअरला बांधली.

"आणि हे सगळं?" अण्णांनी विचारले.

"भोंगे तूच ठेव. त्यांना आता तेच बोलायची सवय लागली."

दुसऱ्या दिवशीही रिक्षा फिरली. वाक्य तेच होते. इम्रान आणि त्याची बायको मालेगावला तिच्या माहेरी निघून गेली. नोकरी सुटली. अण्णा जिन्यात भेटले की म्हणत, "येईल हो तो. चिडलाय. निकाल लागला की मीच जाऊन आणतो." त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता. निवडणूक हा एक ताप आहे, तो उतरला की माणूस पूर्वीसारखा होतो, अशी त्यांची आयुष्यभराची समजूत होती.

निकाल लागला आणि कोणालाच बहुमत मिळाले नाही. दोन्हीकडचे नगरसेवक कुठल्याशा रिसॉर्टवर सहलीला गेले. तिथून जी बातमी आली, ती मी वर्तमानपत्रात दोनदा वाचली. आप्पा आणि वकीलसाहेब यांची युती झाली होती. छायाचित्रात दोघे एकमेकांना पेढा भरवीत होते. 'शहराच्या विकासासाठी' असे खाली लिहिले होते.

मी तो अंक अण्णांकडे नेला, तेव्हा ते फोनवर बोलत होते. फोन ठेवून ते उत्साहाने म्हणाले, "आप्पांचा होता. संयुक्त विजयसभा आहे. म्हणाले, अण्णा, आवाज तुमचाच पाहिजे. आणि रशीदलाही बोलवा म्हणाले, स्टेजवर त्याला शाल द्यायची. चांगलं दिसतं." मग म्हणाले, "मॅडम, बरोबर चला ना. तुमच्यासमोर तो शिव्या देणार नाही."

शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. रशीदभाईंनी दार उघडले, आम्हांला बाहेरच्या खोलीत खुर्च्या दिल्या. त्यांच्या पत्नी हमीदाभाभींनी कपाटातून पाहुण्यांचे कप काढले. सोनेरी काठाचे, बशीसकट. ज्या घरात अण्णा सरळ स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यावरची झाकणे उघडीत, त्या घरात त्यांच्यापुढे ट्रे आला. अण्णांनी तो कप बराच वेळ उचलला नाही.

"झालं की रे आता," अखेर ते म्हणाले. "वर सगळं मिटलं."

"वर भांडण कुठे होतं, अण्णा?"

"शाल देणार आहेत तुला. तुझे वकीलसाहेब स्वतः."

"शाल राहू दे. माझं एकच काम कर. ज्या गल्ल्यांतून ते म्हणालास ना, त्याच गल्ल्यांतून रिक्षा फिरव. तुझ्या कॉलनीतून, इथून, सगळीकडून. त्याच आवाजात सांग, की ते खोटं होतं. तुझं तोंड ऐकून लोकांनी ते खरं मानलं. तुझंच तोंड ऐकून विसरतील."

"आता कुठे रिक्षा? प्रचार संपला."

"हो ना," रशीदभाई म्हणाले. "मग चहा घ्या. गार होतोय."

दुसऱ्या दिवशी अण्णा आप्पांकडे गेले आणि रशीदने काय मागितले ते सांगितले. आप्पा मोठ्याने हसले म्हणे. "अहो अण्णा, कशाला उकरून काढता? लोक विसरलेसुद्धा. आणि ते वाक्य आमच्या कचेरीचं, तुमचं थोडंच होतं?" हे मला सांगताना अण्णांचा चेहरा उतरला होता. "मॅडम," ते म्हणाले, "मजकूर त्यांचा असेल. पण गल्लीत गेला तो माझ्या आवाजात ना?"

विजयसभेला मीही गेले होते. मैदान भरले होते. व्यासपीठावर दोन्ही पक्षांचे झेंडे एकाच काठीला बांधले होते. अण्णा माईकसमोर आले आणि सवयीने, नकळत, त्यांच्या तोंडून निघून गेले, "रशीद, जेवलास का?"

हजार माणसे हसली. वकीलसाहेबांनी टाळी वाजवली. अण्णा भिंतीकडे पाहत राहिले. तिथे नुसती भिंत होती. ते इतका वेळ थांबले, की मागून आप्पा म्हणाले, "अण्णा, चालू आहे माईक, बोला." अण्णांनी दोघा पुढाऱ्यांची नावे घेतली, त्यांच्या नावांमागे लावायची विशेषणे लावली आणि ते खाली उतरले. त्यानंतर कुठल्याही सभेत ते बोलले नाहीत.

रिक्षा मात्र त्यांनी एकदा काढली. सभेनंतरच्या एका रविवारी, भर सकाळी, स्वतःच्या खर्चाने. मी गॅलरीत होते. "मी सुधाकर बोलतो," ते म्हणाले, "प्रचारात मी तुमच्या शेजाऱ्यांबद्दल जे बोललो, ते खोटं होतं. मला माहीत असून मी बोललो." आवाज तसाच होता, मोठा नसलेला, लांब जाणारा. खिडक्यांतून लोक क्षणभर डोकावले. समोरच्या गॅलरीतल्या बाई म्हणाल्या, "अगंबाई, पुन्हा निवडणूक लागली की काय?" आणि आत गेल्या. आमच्या कॉलनीतून रिक्षा फिरली. द्वारकेच्या चौकात पोलिसाने हात दाखवला आणि भोंग्याची परवानगी विचारली. प्रचारात ती पक्षाची असे. ह्या मजकुराला परवानगी घ्यावी लागते हे अण्णांच्या ध्यानातच आले नव्हते. भोंगा उतरवून ते परत आले. चौकाच्या पलीकडे रशीदभाईंची गल्ली होती. तिथवर ते वाक्य पोचलेच नाही.

पुढे अण्णांना घशाचे दुखणे झाले. त्यांच्या बाबतीत दुखण्याने दुसरी जागा निवडली असती तर बरे, असे वाटे. शेवटी शेवटी ते कुजबुजत. एकदा मला जवळ बोलावून म्हणाले, "रशीदला फोन लावा. विचारा, जेवला का." मी लावला, विचारले. पलीकडून रशीदभाई म्हणाले, "सांगा, जेवलो." आणि फोन ठेवला. अण्णांना मी तेवढेच सांगितले. त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

त्यांची शोकसभा त्याच मैदानावर झाली. आप्पांनीच ती ठेवली होती, कारण महापालिकेतली युती तोवर डळमळू लागली होती आणि दोघांनी एकत्र दिसणे आवश्यक होते. मला शेजारी म्हणून व्यासपीठावर बसवले होते. माईक कुठल्याशा नव्या कंपनीचा होता. पेट्या माणसाच्या उंचीच्या होत्या आणि यंत्रापाशी बसलेला माणूस मोबाइल पाहत होता.

आप्पा बोलायला उभे राहिले. सुधाकरअण्णा आणि रशीदभाई यांची जोडी म्हणजे ह्या शहराच्या एकोप्याचे प्रतीक, असे ते म्हणाले. आमच्या युतीची प्रेरणाच ती मैत्री होती, असेही म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत वकीलसाहेबांनी डोळ्यांना रुमाल लावला.

अण्णांनी शिकवल्याप्रमाणे मी पुढच्या रांगेवरची नजर काढली. पार टोकाला, भिंतीपाशी, सायकलला टेकून रशीदभाई उभे होते. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि तसेच धरून ठेवले.

आप्पांना वाटले, ते अभिवादन करीत आहेत. त्यांनी व्यासपीठावरून हात जोडले आणि आवाज आणखी चढवला. यंत्रापाशी बसलेल्या माणसाने मान वर केली नाही. ती खूण ओळखून बटण बंद करणारा माणूस टेबलावरच्या फोटोत होता, आणि त्या फोटोला दोन्ही पक्षांचा मिळून एकच हार घातलेला होता.