माझा जन्म कधी झाला, इंग्रजीत

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी आप्पा, म्हणजे माझे वडील, मला उचगावहून बैलगाडीने बेळगावला घेऊन गेले. इंग्रजी शाळेच्या प्रवेशासाठी तोंडी परीक्षा होती. आप्पांना खरं तर माझं लग्नच उरकायचं होतं. "पास झालीस तर शिक. न्हायतर औंदा लगीन," एवढंच ते बोलले होते.

थोरल्या भावानं, अण्णानं, मला चुलीपुढं बसवून तयार केलं होतं... घड्याळाची वेळ असली तर 'ॲट', वार-तारीख असली तर 'ऑन', महिना नि साल असलं तर 'इन'. धार ॲट फाइव्ह, बाजार ऑन सॅटर्डे, पेरणी इन जून. सगळं तोंडपाठ!

हेडमास्तर धारवाडकडचे, कानडी. त्यांनी इंग्रजीत विचारलं, तुझा जन्म कधी झाला?

आता आली का पंचाईत! तिन्ही शब्द तयार होते, पण पुढे लावायला काहीच नव्हतं. घरात घड्याळ नाही, तारीख कुणी टिपलेली नाही... आई सांगायची ते एवढंच, की बैलांच्या सणाला, बेंदराला झालीस. मी म्हटलं, "आय वॉज बॉर्न ऑन बेंदूर."

हेडमास्तर हसले नाहीत. मराठीत म्हणाले, "ऑन बरोबर आहे. पण कुठला बेंदूर? कर्नाटकी, का तुमचा?"

आमच्या भागात हा सण दोनदा येतो. ज्येष्ठात कर्नाटकी, आषाढात आपला... आणि आमच्यासारखी घरं दोन्ही करतात. आईनं कुठला ते कधी सांगितलं नव्हतं. गेली शाळा, असं वाटून डोळे भरून आले.

तेवढ्यात दाराबाहेर बसून ऐकत असलेले आप्पा आत आले. मला वाटलं, घरी न्यायलाच आले.

"कर्नाटकी, साहेब," आप्पा म्हणाले. "बैलाचं एक शिंग रंगवून झालतं, तवर सुईणीनं हाक मारली. दुसरं तसंच टाकून पळालो. गाव लई हसलं... पर मला पोरगी बघायची हुती."

साल त्यांनीच सांगितलं. हेडमास्तरांनी त्या सालचं जुनं पंचांग मागवून तारीख काढली आणि मला प्रवेश दिला.

पुढे जन्मभर मी इंग्रजीच शिकवलं. आप्पांना त्या शाळेची मुळीच हौस नव्हती. नुसते गप्प बसले असते, तरी त्यांच्या मनासारखं झालं असतं...