कोसमटोल्याची खरपुडी आणि काझी मॅडम

महाविद्यालयातल्या माझ्या पहिल्याच आठवड्यात वनस्पतिशास्त्राच्या तासाला एका बाईंनी मला उभे केले आणि विचारले, "गाव कोणते?" मी मूल शहराजवळचे माझे गाव सांगितले. "गावात तळे आहे?" आहे, म्हटले. "मग तळ्याच्या पाळीवर काय उगवते?" मी म्हटले, "गवत." वर्ग हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. "कोणते गवत? दिवाळीत घरी जाल तेव्हा नीट बघून या," एवढे सांगून त्यांनी शिकवायला सुरुवात केली.

प्रा. रशीदा काझी यांची आणि माझी ओळख झाली ती अशी. दिवाळीनंतर मी जुन्या वर्तमानपत्रांत दाबून आणलेली गवते त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा त्यांनी एकेक काडी हातात घेऊन पाहिली. त्या दिवसापासून मी त्यांची विद्यार्थिनी झाले. पुढे त्यांच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवू लागले आणि आज त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात चार शब्द लिहिते आहे.

मॅडम मूळच्या वडशाच्या. त्यांचे वडील शिंपी होते. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झाला की नाटक मंडळ्यांचे कपडे त्यांच्याकडे शिवायला येत. घरातल्या सगळ्यांनाच सुईदोरा धरावा लागे. वाळवलेली वनस्पती जाड कागदावर टाक्यांनी बसवायची असते. हे काम मॅडम इतक्या सफाईने करत, की कागद पलटल्याशिवाय टाका कुठे आहे ते कळत नसे. पण जिथे एखाद्या वनस्पतीची मोजकीच रोपे दिसत, तिथे त्या एक पानही तोडत नसत. जमिनीवर बसून चित्र काढत आणि परत येत. "आपल्या संग्रहात आली आणि जंगलातून गेली, असे व्हायला नको," असे त्या म्हणत. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतल्या दुर्मीळ होत चाललेल्या वनस्पतींवर त्यांनी काम केले. ते एसटीने, पायी आणि कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून केले. त्या कामाबद्दल या ग्रंथात इतर जाणकार लिहितीलच. मला कोसमटोल्याची हकिकत सांगायची आहे, कारण मॅडम कोण आहेत हे मला तिथे कळले.

कोसमटोला हे अहेरीच्या अलीकडे, जंगलाच्या कडेला वसलेले छोटे गाव. गावामागच्या मुरमाड उतारावर एका पावसाळ्यात मॅडमना खरपुडीचे काही वेल फुललेले दिसले. खरपुडीचे फूल छोट्या कंदिलासारखे असते: खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाकळ्यांची टोके एकमेकींना चिकटलेली. जमिनीखाली कंद असतो आणि पोरे तो खणून खातात. या कुळातल्या काही जाती पुष्कळ ठिकाणी मिळतात, काही फार थोड्या जागी उरल्या आहेत. उतारावरची खरपुडी त्या थोड्या उरलेल्यांपैकी आहे, असे मॅडमचे मत झाले. त्यांनी त्यावर एक टिपणही प्रसिद्ध केले.

अडचण अशी होती की घरे बांधायला आणि रस्त्यात टाकायला गावकरी त्याच उतारावरचा मुरूम नेत. मॅडमनी ग्रामसभेत विनंती केली आणि गावाने ती मानली. मुरूम पलीकडच्या टेकडीवरून आणायचे ठरले. तिथला रस्ता चढाचा आणि लांबचा होता. देवाजीभाऊ म्हणून एक शेतकरी होते, त्यांची बैलजोडी गावात सगळ्यांत भारी. त्यामुळे फेऱ्यांचा जास्त भार त्यांच्यावरच पडला. पोरांनाही कंद खणायची बंदी झाली.

पुढच्या पावसाळ्यात वेल पुन्हा फुलले. या वेळी फुले भरपूर होती. मॅडमनी ती भिंगाखाली उघडून पाहिली. नळीच्या आतले केस आणि पाकळ्यांची टोके दुर्मीळ जातीच्या वर्णनाशी जुळेनात. त्यांनी दूरच्या दोन अभ्यासकांना नमुने पाठवले. दोघांचेही उत्तर एकच आले: ही नेहमी आढळणारी जात आहे.

त्या दिवशी मॅडमनी प्रयोगशाळेत ती पत्रे माझ्यापुढे ठेवली. मग मला म्हणाल्या, "परवा कोसमटोल्याला जाऊ. सांगायला हवे."

भूगोलाचे सर तिथेच होते. ते म्हणाले, "मॅडम, कशाला? उतार वाचतो आहे, चांगलेच आहे की. गावात कोणाला फरक कळणार आहे?"

"मला कळला ना," मॅडम म्हणाल्या. "त्यांचे बैल माझ्या शब्दावर चढ चढून राहिले आहेत, सर."

ग्रामसभा समाजमंदिरात भरली होती. मॅडम माणसांत गेल्या की आपल्या वडशाच्या बोलीत बोलत. त्या उभ्या राहिल्या आणि थेट म्हणाल्या, "मी मागच्या वर्षी जे झाड दुर्मीळ हाय म्हणून सांगलं, ते तसं नाई. माझी वळखण्यात चूक झाली. तुमाले उगाच तरास झाला. मुरूम तुमी पहिलेसारखा इथूनच न्या."

कुणीतरी मागे हसले. देवाजीभाऊ हसले नाहीत. ते उठून म्हणाले, "बाई, सालभर आमी त्या टेकडीवर गाड्या चढवल्या. माह्या एका बैलाचा खांदा सुजून आला. अन् आता तुमी म्हणता, ते झाड तेच नाई?"

"हो भाऊ. चूक माझीच हाय."

"मंग आमी काय समजाचं? उद्या अजून एक झाड दाखवान, परवा अजून एक."

मॅडमनी हात जोडले आणि त्या खाली बसल्या. नंतर त्यांनी आपल्या टिपणाची दुरुस्ती स्वतःच्या नावाने छापायला पाठवली. काही परिषदांत त्यावरून टोमणे मारले गेले, ते मी ऐकले आहेत. मॅडमही ऐकत आणि पुढच्या विषयावर बोलत. उतारावर पुन्हा कुदळी पडू लागल्या.

यानंतर दोन पावसाळे गेले. गावाच्या दुसऱ्या अंगाला, नाल्याच्या काठावर, झुडपांत गुंतलेले आणखी काही वेल मॅडमना सापडले. या वेळी त्यांनी घाई केली नाही. फूल एकदा पाहिले, पुढच्या वर्षी पुन्हा पाहिले, त्याच दोन अभ्यासकांना दाखवले आणि तिसऱ्यालाही. ही मात्र खरोखरीच ती दुर्मीळ जात होती. आणि नेमक्या त्याच काठावरून गावाची पक्की सडक जाणार होती.

ही सडक म्हणजे काय ते कोसमटोल्याला विचारावे. नाल्याला पूर आला की गाव तुटायचे. देवाजीभाऊंच्या सुनेला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला बाजेवर घालून चौघांनी छातीभर पाण्यातून पलीकडे नेले होते. ती वाचली, बाळ वाचले नाही. म्हणून सडकेसोबत नाल्यावर पूल मंजूर झाला तेव्हा गावाने गुलाल उधळला होता.

आमच्यातल्याच काहींनी मॅडमना सुचवले, की वर अर्ज करा, काम थांबेल. मॅडम म्हणाल्या, "सडक थांबवायची नाही. आणि गावाच्या नकळत काहीच करायचे नाही." ग्रामसभेला मी सोबत गेले. खरे सांगायचे तर मला भीती वाटत होती.

त्याच समाजमंदिरात मॅडमनी नाल्याकाठच्या वेलांबद्दल सांगितले. सडक झालीच पाहिजे, पण काठावर ती थोडी बाजूने वळवता आली तर वेल वाचतील, असे म्हणाल्या. बाजूला देवाजीभाऊंची धानाची बांधी, म्हणजे भाताचे खाचर, होती. सडक वळवायची तर त्या बांधीचा एक पट्टा जाणार होता. हेही मॅडमनी आडपडदा न ठेवता सांगितले.

सगळे देवाजीभाऊंकडे पाहू लागले. त्यांनी विचारले, "यावेळेस पक्कं हाय का, बाई?"

"पक्कं हाय. तिघांना दाखवून आली. तरी तुमाले इस्वास नसन, तं मी काई म्हणणार नाई."

देवाजीभाऊ मुलाशी हळू आवाजात काहीतरी बोलले. शेजारी सून बसली होती, तिच्याकडेही त्यांनी पाहिले. ती म्हणाली, "सडक होऊन राह्यली ना, बाबा? मंग इकून गेली काय अन् तिकून गेली काय."

देवाजीभाऊ उभे राहिले. "त्या टायमाले बाईनं चूक लपवली असती, तं आमाले कुठी समजलं असतं? आमी अजूनबी टेकडीवरच गाड्या चढवत राह्यलो असतो. स्वतःहून येऊन सांगतलं. आता हाय म्हणतात, तं हाय. घ्या पट्टा."

मी मॅडमना इतक्या माणसांसमोर रडताना त्या एकाच वेळी पाहिले.

ठराव झाला, सडक वळली, पूल झाला. सगळे वेल वाचले असे मात्र नाही. मशीनने टाकलेल्या मातीखाली काही गेले आणि मॅडमना ते फार लागले. उरलेल्यांना शेंगा धरल्या. त्यांच्या बियांपासून मॅडमनी घराच्या गच्चीवर रोपे केली. काही मेली, काही जगली. जगलेली नाल्याकाठी वरच्या अंगाला नेऊन लावली. आज तिथे पावसाळ्यात ती फुलतात. देवाजीभाऊंच्या सुनेला पुढे मुलगी झाली. त्या रात्री रुग्णवाहिका थेट अंगणात आली होती.

मॅडमचे मोठेपण केवळ अशा प्रसंगांतले नाही. माझी मुलगी तान्ही असताना मी संशोधन सोडायला निघाले होते. मॅडम म्हणाल्या, "तिला घेऊन या." नमुन्यांच्या खोलीत एका मोठ्या खोक्यात मऊ लुगडे अंथरून त्यांनी तिची जागा केली. मी कागद मांडायचे आणि त्या एका हाताने टाके घालत दुसऱ्या हाताने खोके हलवायच्या. माझा प्रबंध असा पूर्ण झाला. अशी उपकाराची भाषा त्यांना आवडणार नाही, हे मला माहीत आहे. पण त्यांनी हा ग्रंथ उघडायच्या आत ती छापून झालेली असेल.

मॅडम आता निवृत्त झाल्या आहेत. गुडघे दुखतात, उतारावर कुणाचा तरी हात धरावा लागतो. तरीही येत्या पावसाळ्यात त्यांना सिरोंचाकडच्या जंगलात जायचे आहे. तिकडच्या बायाबापड्यांशी बोलता यावे म्हणून त्या तेलुगू शिकत आहेत आणि चुकीच्या उच्चारांवर स्वतःच मोकळेपणाने हसतात. म्हणून मॅडमना आम्ही विश्रांतीच्या शुभेच्छा देत नाही. डोळे असेच तीक्ष्ण राहोत, गुडघे त्यांचे ऐकोत, सिरोंचाच्या वाटा सोप्या होवोत. त्यांना निरोगी शंभर वर्षे लाभोत. आणि दर पावसाळ्यात, "चला, निघायचे ना?" असा त्यांचा फोन आम्हाला येत राहो.