पाच वॅटचं घर

रोडपालीचे एक गृहस्थ आपले दोन लहानसे स्पीकर मला विकायला घेऊन आले. आले ते मात्र मुलीसाठी स्थळ बघायला आल्यासारखे. असे स्पीकर मी वर्षभर शोधत होतो. माझा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर जेमतेम पाच वॅटचा, मोठे स्पीकर त्याला झेपत नाहीत.

शालीत गुंडाळलेले स्पीकर बाहेर काढून त्यांनी स्वतःच तारा जोडल्या, सतारीची रेकॉर्ड लावली आणि कानामागे तळहात धरून डोळे मिटले.

"अहो, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?" आतून हिनं विचारलं.

"तूच मोज!" मी ओरडलो.

"हळू रे, मला सीरियल ऐकू येत नाही," आई त्याहून मोठ्यानं ओरडली.

गृहस्थांनी डोळे उघडले, तारा सोडवल्या आणि स्पीकर पुन्हा शालीत गुंडाळायला घेतले. मी हादरलोच.

"का हो? ॲम्प्लिफायरमध्ये काही खोट आहे का?"

"छे! या स्पीकरना पाच वॅट भरपूर झाले. तुमच्या घराला पुरत नाहीत."

नमस्कार करून ते गेलेसुद्धा. हिनं गॅस बंद केला, आईनं टीव्ही. त्या शांततेत माझ्या ॲम्प्लिफायरची बारीक गुणगुण मला पहिल्यांदाच ऐकू आली.