कोरड्या तळ्यातला झ

या सदरात येणारे अनुभव मी दर महिन्याला वाचतो आणि, खरं सांगायचं तर, मनातल्या मनात त्यातली अर्धी वाक्यं खोडत जातो. चकवा, हडळ, पिंपळावरचा मुंजा... माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. आजही बहुधा नाही. तरी लिहायला बसलो आहे, कारण माझ्या बाबतीत जे घडलं त्यात भिण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तेच मला इतकी वर्षं सोडत नाही.

आधी माझ्या भाषेबद्दल क्षमा असावी. आम्ही तंजावरकडचे मराठी. पुण्याचे एक गृहस्थ मला एकदा म्हणाले होते, "तुमचं बोलणं ऐकलं की आमचे खापरपणजोबा उठून बसल्यासारखे वाटतात." लिहिण्यापुरती मराठी मी तुमच्या मासिकांवरूनच सुधारली आहे. कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

आमचं घर कुंभकोणमच्या दक्षिणेला साक्कोट्टैत. पूर्वज राजवाड्यातल्या लोकांचे अंगरखे शिवत. राजवाडा कुंपणी सरकारनं घेतल्याला साठ-सत्तर वर्षं झाली होती, आणि माझे वडील, म्हणजे अप्पा, वकिलांचे आणि कॉलेजातल्या मुलांचे कोट शिवत. घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आई मी तेरा वर्षांचा असताना वारली. तिच्यामागे घरातली मराठीही हळूहळू कमी झाली. गिऱ्हाईक तमिळ, शेजार तमिळ. अप्पा आणि मी दोघांत बोलायचो तेही अर्धं तमिळच. आणि तेही फारसं नाही.

अप्पांची नजर अधू होत चालली होती. रोज सकाळी निघण्याआधी मी वीस सुयांत दोरा ओवून उशीला टोचून ठेवायचो. संध्याकाळी परत यायचो तेव्हा किती सुया उरल्या आहेत त्यावरून दिवस कसा गेला ते कळायचं. मला लवकर पास होऊन एखाद्या हायस्कुलात मास्तर व्हायचं होतं, ते यासाठी.

अडचण एकच होती. युनिव्हर्सिटीनं आम्हाला इंग्रजी उच्चार आणि संभाषणाची तोंडी परीक्षा ठेवली होती. लेखी पेपरांत मी पहिल्याच वर्षी पास झालो, पण तोंडी परीक्षेत नापास झालो. मद्रासहून आलेल्या साहेबांनी एक उतारा वाचायला दिला. त्यात वाक्य होतं, 'ही रोझ अँड क्लोझ्ड हिझ आइझ.' तो उठला आणि त्यानं डोळे मिटले. मी वाचलं, 'ही रोस अँड क्लोस्ड हिस आइस.' साहेबांनी वर पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "त्यानं आपला बर्फ मिटला?"

दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलांनी ते ऐकलं. तेव्हापासून मी 'आइस राव' झालो. आमच्याकडे मराठी माणूस म्हटला की तो रावच.

दोष माझ्या एकट्याचा नव्हता. तमिळमध्ये झ नाही, त्यामुळे वर्गातल्या पुष्कळांच्या तोंडात त्याचा स व्हायचा, आणि माझ्या मराठीतला झही त्यांच्यात राहून पुसट झाला होता. पण ती मुलं हॉस्टेलात राहायची, कावेरीच्या पायऱ्यांवर जोड्या करून बसायची आणि एकमेकांना इंग्रजीतून प्रश्न विचारायची. मला कुणी जोडीला घेतलं नाही. वैद्यनाथन म्हणून एक मुलगा त्यातल्या त्यात बरा होता. तो म्हणाला, "राव, राग मानू नकोस. तुझ्याबरोबर बसलं तर आमचंही गोठेल."

मी हसलो. दुसरं काय करणार?

संभाषणाला दुसरा माणूस लागतो. माझ्याकडे तो नव्हता, म्हणून मी कोट वापरला. परीक्षेसाठी अप्पांनी शिवलेला बंद गळ्याचा काळा कोट. आमच्या गावच्या देवळामागे एक लहान तळं आहे. पंगुनी महिन्यात, म्हणजे फाल्गुन-चैत्राच्या सुमाराला, ते अगदी कोरडं पडतं, तळाच्या चिखलाला भेगा जातात. काठावर चार खांबांचा मंडप. भर दुपारी तिथं चिटपाखरू नसायचं. खांबाच्या एका खुंटीला मी कोट अडकवायचो, समोर उभा राहायचो आणि म्हणायचो, "गुड आफ्टरनून, सर." मग कोटाच्या वतीनं मीच प्रश्न विचारायचो आणि मीच उत्तर द्यायचो.

तिसऱ्या की चौथ्या दुपारी मी नेहमीचं वाक्य म्हटलं. "ही रोस..."

"रोझ," तळ्यातून आवाज आला.

मला वाटलं, कॉलेजातलं कुणी टिंगल करायला इतक्या लांब आलं. मी पायऱ्या उतरून खाली गेलो. भेगाळलेला चिखल, एक वाळका शेवंतीचा हार, बाकी काही नाही. वर येऊन पुन्हा म्हटलं, "हिस आइस."

"हिझ आइझ."

प्रतिध्वनी असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण प्रतिध्वनी आपलं बोलणं जसंच्या तसं परत करतो ना? हा फक्त चुकलेला शब्द परत करायचा, आणि तोही दुरुस्त करून. बरोबर म्हटलेल्या शब्दाला काहीच उत्तर नसायचं. आवाज मोठा नव्हता. बाईचा की पुरुषाचा, तेही सांगता येत नव्हतं. दुसऱ्या खोलीतून कुणी कामात असताना बोलावं, तसा.

मी भ्यालो नाही. उलट सकाळी वर्गात बसल्या बसल्या दुपारची वाट पाहू लागलो.

एकदा वैद्यनाथनला मुद्दाम घेऊन गेलो. त्यानं तळ्याकडे तोंड करून दहा शब्द म्हटले. काही नाही. मग मी म्हटलं, "ईसी."

"ईझी," आवाज आला.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"ऐकलं की."

"कुठून आला?"

"कुठून म्हणजे? तूच दोनदा म्हणालास. आधी चूक, मग बरोबर." मग तो म्हणाला, "राव, फार एकटा राहू नकोस. संध्याकाळी नदीवर ये. मी जोडीला बसतो."

मी एकदाच म्हणालो होतो. देवाशपथ. पण तो खोटं बोलणारा मुलगा नव्हता, आणि मी नदीवर गेलो नाही.

मी सुधारत गेलो आणि तळं गप्प होत गेलं. आधी अर्ध्या तासात वीस शब्द परत यायचे, मग पाच, मग एखादाच. परीक्षेच्या आदल्या दुपारी मी सबंध उतारा वाचला आणि एकही शब्द परत आला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मी मुद्दाम म्हटलं, "रोस." उत्तर नाही. "आइस, सर. हिस आइस." नाही. मुद्दाम केलेली चूक त्याला कळत असावी. कोट काढून घेतला आणि घरी आलो. कुणी गाव सोडून गेल्यावर वाटतं, तसं वाटत होतं.

परीक्षेत साहेब तेच होते. उतारा मी वाचला, त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "तुम्ही सराव कुणाबरोबर करता?"

मला खोटं सुचलं नाही. आमच्याकडे तळ्याला इंग्रजीत टँकच म्हणतात. "विथ अ टँक, सर."

ते हसले. "अ व्हेरी गुड टँक," म्हणाले, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी पास झालो.

ती बातमी अप्पांना सांगितली त्या दिवशी ते कापड बेतत होते. त्यांना हा सगळा स-झचा घोळ मी तेव्हाच पहिल्यांदा सांगितला. तळ्याचं सांगितलं नाही. ते कात्री न थांबवता म्हणाले, "त्यात काय रे? लहानपणी असंच बोलायचास तू. गल्लीतल्या पोरांचं ऐकून. चेंडू मासा, पतंग मासा. असकी गल्ली हसायची."

"मासा?"

"माझा मणायला जमत नव्हतं तुला. तुजी आई कधी रागवली नाही. चुकलेला शब्द नीट करून परत द्यायची, सैपाकघरातनं. बरोबर आला की गप."

"मग मला आठवत कसं नाही?"

"आठवायला कसाला हवं? जमलं की." आणि त्यांनी सुई मागितली.

दुसऱ्या दुपारी मी तळ्यावर गेलो. बराच वेळ नुसता बसलो. मग आईमागे सहा वर्षांत फारसा तोंडात न आलेला तो शब्द नीट म्हणायला गेलो. मुद्दाम चुकायचा विचार नव्हता. ओठांवर तो लहानपणी यायचा तसाच आला.

"मासा."

मी उठायला लागलो.

"माझा," आवाज आला.

तो आवाज आईचा होता, असं मला लिहिता येत नाही, कारण आईचा आवाज मी विसरलो होतो. शिवाय आईला इंग्रजीतलं एक अक्षर येत नव्हतं. रोझ आणि आइझ ती कुठून शिकणार? मनाचे खेळ म्हणावे, तर वैद्यनाथननं काय ऐकलं? प्रतिध्वनी म्हणावा, तर देवळाच्या गुरुक्कळांनी, म्हणजे पुजाऱ्यांनी, मला सांगितलं की त्या तळ्यात कधीच प्रतिध्वनी आलेला नाही. मी एवढंच जाणतो की त्या दुपारी तिथं चेंडू नव्हता, पतंग नव्हता, कोटसुद्धा घरी होता. माझा म्हणण्यासारखा तिथं मी एकटाच होतो.

आता मी नाचियार्कोविलजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. सुट्टीत घरी गेलो की तळ्यावर जातो. त्यानंतर आवाज कधी आला नाही. कुणा वाचकाला यातलं काही उलगडत असेल तर जरूर कळवावं. मला उलगडलेलं नाही.

वर्गात पोरं चुकतात तेव्हा मी रागवत नाही, शब्द नीट करून परत देतो. पण बरोबर आल्यावर गप्प राहणं मला जमत नाही. मी मोठ्यानं काहीतरी बोलतोच.