मिरचीच्या डब्यातली चिठ्ठी

आमच्या लालबागच्या चाळीत गणपतीच्या पहिल्या आरतीचा मान कोणाचा, हे चिठ्ठीवर ठरतं. चिठ्ठ्या घालायच्या माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, मसाल्याच्या दुकानातल्या मिरचीच्या डब्यात आणि उचलायची शेजारच्या वैजूने. डोळे तर ती मिटायचीच, शिवाय तोंड भिंतीकडे फिरवायची. हात डब्यात गेला की शिंक ठरलेली. मग नाक पुसत नाव वाचायची. एकदा तिच्या वडिलांचंच नाव निघालं, तेव्हा तिने चिठ्ठी आधी दोघांना दाखवली आणि मगच वाचली.

वैजू पुढे डॉक्टर झाली आणि परळच्या एका इस्पितळात अतिदक्षता विभागात लागली. चाळ मात्र सोडली नाही. बंद पडलेलं हृदय पुन्हा सुरू झालं, तरी मधल्या वेळात मेंदूला रक्त न मिळाल्याने माणूस पुष्कळदा शुद्धीवर येत नाही. अशा रुग्णांना श्वासाच्या यंत्रातून प्राणवायूबरोबर आणखी एक वायू दिला तर मेंदू वाचेल का, याची चाचणी तिच्या विभागात चालू होती. निम्म्यांना तो वायू, निम्म्यांना नेहमीचाच प्राणवायू. बाकी उपचार सगळ्यांना सारखे. कोण कुठल्या गटात, हे संगणक ठरवायचा. रुग्ण किती सावरला हे वैजू तपासायची, म्हणून कोणाला काय मिळालं हे तिच्यापासूनच लपवलेलं असे. सिलिंडर पडद्याआड.

मी हिशेबाच्या धंद्यातला. विचारलं, "फायदा किती टक्के?"

"आकडा असता तर पहिल्यांदा तुलाच दिला असता. ठाऊक नाही रे. ठाऊक नाही म्हणून तर बघतोय."

हे वाक्य तिच्या तोंडी कायम. वहिनी चिडवायची, "एवढं शिकलीस आणि काहीच ठाऊक नाही?"

"शिकले म्हणून एवढं तरी कळतं, वहिनी!"

एके सकाळी दादा दुकानात, मसाला कुटायच्या डंकापाशी कोसळला. शेजारच्या दुकानदारांनी छाती दाबत टॅक्सीतून त्याला परळला नेलं. तिथे हृदय सुरू झालं, पण दादा डोळे उघडेना. चाचणीबद्दल आम्हाला वैजूच्या वरिष्ठांनी विचारलं. वैजू एवढंच म्हणाली, "मी घरातली. मी विचारणं बरोबर नाही. नाही म्हणालात तरी उपचारात काही कमी होणार नाही."

वहिनीने सही केली आणि लगेच व्हरांड्यात तिला गाठलं. मुंबईत ओळखीशिवाय काही होत नाही, असं आम्ही सगळेच समजून असतो.

"वैजू, यांना गॅसवाल्यांतच टाक."

"ते माझ्या हातात नाही, वहिनी."

"असं कसं नाही? डॉक्टर ना तू इथली? माझ्या हातचं खाऊन मोठी झालीस आणि परक्यासारखी बोलतेस?"

"गॅसने माणूस उठतो हे ठाऊक असतं, तर सही मागितलीच नसती. सगळ्यांना लावला असता. त्याने अपायही होत असेल. ठाऊक नाही."

"तेवढंच येतं तुला!"

दादा उठला नाही. काही दिवसांनी गेला. तेराव्याला वैजू आली तेव्हा वहिनी आत निघून गेली. "एका शब्दाचं काम होतं," ती सगळ्यांना सांगायची, "पण केलं नाही तिने." वैजूने कोणापाशी स्वतःची बाजू मांडली नाही.

मीच एकदा म्हटलं, "अगं, सांग ना तिला नीट."

"सांगितलंय. त्यांचा माणूस गेलाय रे. बोलू दे."

पुढे गणपतीत डबा आमच्याकडून जायचा, पण चिठ्ठी उचलायला वहिनी तो दुसऱ्या कोणापुढे तरी धरायची. वैजू मागे उभी राहून टाळ्या वाजवायची.

यंदा गणपतीच्या तोंडावर वैजू आमच्या दारात आली. चपला काढल्या, पण उंबऱ्याबाहेरच थांबली.

"वहिनी, चाचणी संपली. गॅस दिला काय, न दिला काय, फरक दिसला नाही. बाहेरून कळण्याआधी मीच सांगावं म्हटलं."

इतक्या वर्षांचं काम आणि हाती हे! चिठ्ठीतलं नाव वाचताना असायचा, तसाच तिचा आवाज होता.

"दादांना काय मिळालं होतं, ते आता कळू शकेल. हवं असेल तर विचारून सांगते."

वहिनी मिरच्यांची देठं काढत होती. तिचे हात थांबले. "तुला ठाऊक आहे?"

"नाही. तुमच्याआधी मी कशी विचारू?"

वहिनीने परातीतल्या आणखी दोन-तीन मिरच्यांची देठं काढली. मग म्हणाली, "फरक नाही म्हणतेस ना? मग राहू दे. आत ये, चहा टाकते."

चतुर्थीला सगळे गॅलरीत जमले. वहिनी डबा घेऊन आली, ती सरळ मागे उभ्या असलेल्या वैजूपाशी गेली.

"धर. आणि भिंतीकडे बघ."

वैजूने तोंड फिरवलं, हात आत घातला आणि सणसणीत शिंकली. डबा छातीशी धरून उभी असलेली वहिनीही पाठोपाठ शिंकली.